जुनी ओम्नी घाटात तापते, वॉटर बॉडी दरवर्षी जाते: महागडा पार्ट घालून प्रश्न सुटतो का?

लक्षण ओळखीचं आहे. पसरणी घाटात अर्ध्यावर तापमानाचा काटा वर सरकायला लागतो, सीटखालून गरम कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) गोडसर वास येतो, गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबावं लागतं. गॅरेजवाला वॉटर बॉडी (म्हणजे वॉटर पंप) बदलतो आणि सात-आठ महिने बरे जातात. मग पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तो म्हणतो, "लोकल माल होता, आता कंपनीचाच घाला." दुप्पट पैसे मोजून कंपनीचा पार्ट घातला जातो आणि पुढच्या मे महिन्यात गाडी परत घाटात उभी असते.

पार्ट महाग घ्यायचा की स्वस्त, हा प्रश्न इथे दुसरा आहे. आधीचा पार्ट का मेला, हा पहिला. ते कळलं नाही तर चांगला पार्टही त्याच वाटेने जातो. कारण सापडल्यावर मात्र काही ठिकाणी जास्त पैसे मोजणं शंभर टक्के वसूल होतं आणि काही ठिकाणी ते निव्वळ वाया जातं.

ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, तेव्हा रस्त्यावरची सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता लहान राहिलेली नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली कोंडलेलं आहे, त्याला मोकळा वारा मुळातच कमी मिळतो. थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतली छोटी कसर नव्या गाडीत खपते, इथे लगेच काट्यावर दिसते.

गाडी नेमकी कधी तापते?

पार्ट विकत घेण्याआधी दोन-तीन दिवस फक्त हे बघा. अर्धं निदान यातच होतं.

मोकळ्या रस्त्यावर काटा जागेवर, पण सिग्नलला किंवा बाजारात अडकलं की चढतो: हा फॅनचा प्रश्न. धावताना वारा आपोआप मिळतो, उभं राहिल्यावर फॅनने तो द्यायचा असतो. फ्यूज आणि रिले बघा. मग फॅन स्विचचा प्लग काढा. एकच वायर असेल तर ती गाडीच्या पत्र्याला टेकवा, दोन असतील तर एकमेकींना जोडा. इग्निशन चालू ठेवून फॅन फिरला तर मोटर ठीक, स्विच गेलाय. नाही फिरला तर बॅटरीवरून मोटरला थेट करंट देऊन बघा. ज्या गाडीत फॅन ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर) चालवतं तिथे सेन्सरच्या वायरी जोडायच्या नाहीत, थेट मोटरच तपासायची.

आणि एक गोष्ट हमखास सुटते. बाहेरून बसवलेल्या मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या तर फॅन जोरात फिरतो, आवाजही छान येतो, पण हवा उलटी ढकलतो. गाडी चालताना वारा ज्या दिशेने रेडिएटरमधून जातो, त्याच दिशेने फॅननेही हवा ओढली पाहिजे. वर्तमानपत्राचा कपटा रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरा. चिकटला तर बरोबर, उडाला तर वायरी उलट. या दुरुस्तीला पार्टच लागत नाही.

ट्रॅफिकमध्ये ठीक, पण चढाला किंवा सलग वेगात तापते: पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता टाकत नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व), रेडिएटरची जाळी, वॉटर बॉडी, फॅन बेल्ट आणि आतून पिचकणारा होज (रबरी नळी), यातलं काहीतरी.

थंड इंजिन चालू केल्यावर दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होतो: हेड गॅस्केटमधून (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलमधून) सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतोय. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, मग चालू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतातच. पण ते थांबेचनात आणि रेस दिल्यावर वाढू लागले, तर वॉटर बॉडीकडे बघायचंच नाही. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधट थर असेल तर संशय आणखी पक्का होतो.

गरम असताना झाकण उघडू नका, हे सांगायला नको. तरी सांगून ठेवतो.

सगळ्यात स्वस्त पार्ट, सगळ्यात जास्त दुर्लक्षित

रेडिएटरचं झाकण हातात घ्या. वर ०.९ असा आकडा असतो, म्हणजे ते साधारण ०.९ बार दाब धरतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० अंशांऐवजी सुमारे ११९ अंशांना उकळतं. झाकण दाब धरत नसेल तर ही वाढीव १९ अंशांची शिल्लक जाते. वर चढावर गणित आणखी बिघडतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. गावात ठीक चालणारी गाडी घाटमाथ्यावर पोचता पोचता पाणी का फेकते, त्याचं हे एक साधं कारण.

झाकण उलटं करून बघा. मोठ्या रबरी चकतीवर रेडिएटरच्या तोंडाचा खोल गोल ठसा उमटलेला असेल, रबर टणक झालं असेल किंवा चिरलं असेल, तर ते संपलं. मधली छोटी व्हॉल्वची चकती नखाने किंचित ओढा. सोडल्यावर ती टुणकन परत बसली पाहिजे. ती अडकली तर इंजिन थंड होताना बाहेरच्या टाकीतलं पाणी परत ओढलं जात नाही, आणि रोज टाकी भरलेली, रेडिएटर मात्र रिकामा, असं कोडं पडतं. होज चपटा झालेला दिसला तरी आधी हाच व्हॉल्व बघा.

इथे कंपनीचंच झाकण घ्या, किंमतीतला फरक एखाद्या जेवणाएवढा असतो. मात्र "जास्त दाबाचं भारी" म्हणून १.१ चं घेऊ नका. जुने होज आणि जुना रेडिएटर तो वाढीव दाब सोसतीलच असं नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय

"आपल्याकडे गरमीच आहे, थर्मोस्टॅटची गरज काय," असं म्हणून तो काढून फेकलेल्या असंख्य ओम्नी फिरताहेत. याने मूळ दोष झाकला जातो. सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत ईसीएम इंजिन अजून थंडच आहे असं समजून जादा पेट्रोल देत राहतं. आणि जाळी अर्धी बंद असेल तर घाटात गाडी तापतेच.

तपासणी घरच्या गॅसवर होते. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. त्याच्या पत्र्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, बहुधा ८२ किंवा ८८. थर्मामीटर धरून बघा: त्या आकड्याच्या आसपास हलायला लागला आणि पाणी उकळेपर्यंत ठळक उघडला तर ठीक. उकळत्या पाण्यातही जेमतेम फट पडत असेल तर फेका. नवीन आणलेला पार्टसुद्धा बसवण्याआधी असाच उकळून बघा, मग तो कितीही महागाचा असो. बसवताना छोटं हवेचं छिद्र असेल तर ते वरच्या बाजूला ठेवा.

रेडिएटर: इथे किंमत नाही, जाळी मोजायची

जुन्या गाडीत पितळी-तांब्याचा रेडिएटर शिल्लक असेल तर तो घाईने भंगारात देऊ नका. चांगला कारागीर टाक्या उघडून आतल्या नळ्यांत सळई फिरवून गाळ काढतो आणि पुन्हा डाग देतो. नवीन अॅल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या असतात, त्यांचं असं काही होत नाही. गळला की बदलला.

बंद नळ्या शोधायला इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. इंजिन पूर्ण गरम करून बंद करा आणि जाळीवर आडवे-उभे वीसेक ठिकाणी आकडे घ्या. तापमान एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हळूहळू उतरलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला तर तिथून पाणी जातच नाही.

बदलायचाच असेल तर दुकानात दोन्ही रेडिएटर शेजारी ठेवून पट्टी लावा. पाच सेंटिमीटरमध्ये पंख किती बसतात ते मोजा, जाळीची जाडी मोजा, नळ्यांच्या ओळी बघा. स्वस्त रेडिएटर स्वस्त होतो तो बहुतेक वेळा इथेच: पंख विरळ, जाळी पातळ. महाग असूनही जाळी तेवढीच विरळ असेल तर जादा पैसे खोक्याचे. उलट बिननावाचा पण दाट जाळीचा मिळाला तर बिनधास्त घ्या.

वॉटर बॉडी पुन्हा पुन्हा का जाते

आता मुख्य आरोपी. वॉटर बॉडी मरते दोन प्रकारे: सील गळतं किंवा बेअरिंग जातं. बॉडीच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. तिथून पाणी ठिबकलं किंवा वाळलेल्या कूलंटचा रंगीत ओघळ दिसला तर सील गेलंय. ते छिद्र एम-सीलने बुजवलेलंही पाहायला मिळतं. तसं केलं की पाणी सरळ बेअरिंगमध्ये उतरतं.

सील लवकर जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बोअरवेलचं पाणी. त्यातल्या क्षारांची पुटं सीलच्या गुळगुळीत तोंडावर बसतात आणि ते तोंड घासलं जातं. मराठवाड्यात, सोलापूर-नगर पट्ट्यात जड पाणी सर्रास आहे. तिथे नळाचं पाणी ओतून कंपनीची वॉटर बॉडी घालणं म्हणजे नव्या चपला घालून चिखलात उतरणं.

बेअरिंग जाण्याचं कारण बहुधा ताणलेला बेल्ट. जुना बेल्ट किंचाळतो म्हणून मेकॅनिक पहारीने अल्टरनेटर रेटून बेल्ट तारेसारखा कडक करतो. किंचाळणं थांबतं, पण सगळा ताण वॉटर बॉडीच्या बेअरिंगवर येतो. बेल्टच्या लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबल्यावर तो ६ ते ९ मिलिमीटर आत गेला पाहिजे. किंचाळणारा बेल्ट आधी बदला, मग ताण लावा. पुली एका रेषेत आहेत का तेही पट्टी टेकवून बघा.

स्वस्त आणि चांगल्या वॉटर बॉडीतला खरा फरक पंख्यात आणि सीलमध्ये असतो. पंखा पातळ पत्र्याचा दाबून केलेला आहे की ओतीव, तो दांड्यावर घट्ट बसलाय की हाताने पिळल्यावर सरकतो, पाती आणि बॉडीमधली फट जुन्या मूळ पार्टएवढी आहे की जास्त, हे दुकानातच बघता येतं. दांडा फिरवताना किंचित जडपणा असावा, करकर नसावी, बाजूला हलवल्यावर खटका नसावा.

बसवताना सिलिकॉनचा जाड थर लावू नका. गॅस्केट असेल तर तेच पुरे. आत पिळून निघालेले सिलिकॉनचे तुकडे फिरत जाऊन रेडिएटरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतात, म्हणजे एक दुरुस्ती करताना दुसरा रोग लावला.

हिशेब असा करा. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा साधी वॉटर बॉडी ७०० ची, चांगली १,५०० ची, आणि मजुरी व कूलंट मिळून दर खेपेला १,०००. साधी दरवर्षी बदलली तर चार वर्षांत ६,८०० गेले. चांगली चार वर्षं टिकली तर २,५०० त भागलं. पण बेल्ट तसाच ताणलेला आणि पाणी बोअरचंच असेल, आणि चांगलीही दरवर्षी गेली, तर १०,००० गेले.

कूलंट आणि हवा

फ्लशिंगला साधं स्वच्छ पाणी, ते नितळ येईपर्यंत. कॉस्टिक घालून "आतून धुऊन" देणाऱ्यांना हात जोडा, हेड अॅल्युमिनियमचं आहे आणि कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं. तयार मिश्रणाच्या कूलंटमध्ये पाणी मिसळू नका. घट्ट कूलंट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी (अॅसिड नव्हे) मिसळा. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, कूलंट घालायचं ते गंज आणि क्षार रोखण्यासाठी. हिरव्यात गुलाबी ओतू नका. आणि रंगावरून दर्जा ठरवू नका, रंग कुणीही कुठलाही घालतं.

काढलेलं पाणी बादलीत मोजा. चार लिटर निघालं आणि तीनच आत गेलं, तर एक लिटर हवा अडकली आहे. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, थंड इंजिनावर झाकण उघडं ठेवून चालू करा, होज हाताने दाबत राहा, पातळी उतरेल तसं भरा. थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम झाला आणि बुडबुडे थांबले की झाकण लावा. पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा बघा, बहुतेक वेळा थोडं आणखी मावतं. "नवीन पार्ट घातला तरी तापते" या तक्रारीमागे कितीदा तरी ही हवाच असते.

बाकी गाडीत जादा पैसे कुठे घालायचे

मजुरी पार्टपेक्षा जड असेल तिथे चांगलाच पार्ट. क्लचचं उदाहरण घ्या. ओम्नीला मागची चाकं ओढतात, त्यामुळे क्लचसाठी प्रोपेलर शाफ्ट सोडून गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तेवढं सगळं करून फक्त प्लेट बदलायची आणि रिलीज बेअरिंग जुनंच ठेवायचं, ही बचत नव्हे. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा एकाच कंपनीचा पूर्ण सेट घ्या, आणि इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलला ओल असेल तर तेही त्याच वेळी. नव्या प्लेटवर ऑइल पडलं की ती कितीही भारी असली तरी घसरणारच.

ब्रेकमध्ये काटकसर नाहीच, विशेषतः गाडी शाळेच्या मुलांना नेत असेल तर. मागचे व्हील सिलिंडर पुन्हा पुन्हा गळत असतील तर किटचा (आतल्या रबरी सीलच्या संचाचा) दर्जा तपासण्याआधी सिलिंडरच्या आतून नख फिरवा. खड्डे लागले तर कुठलंही किट टिकणार नाही, पूर्ण सिलिंडर बदला, दोन्ही बाजूंचे. आणि ब्रेकची रबरं पेट्रोल किंवा डिझेलने धुऊ देऊ नका, ती फुगतात. ब्रेक फ्लुइडनेच धुवायची. फ्लुइड हवेतला ओलावा ओढतं म्हणून दोन वर्षांनी बदला आणि महिनोन्‌महिने उघडा पडलेला डबा वापरू नका.

हेड गॅस्केट उतरवलंच असेल तर गॅस्केट कंपनीचं, आणि हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) फिरवायचं. ०.०५ मिलिमीटरची पात शिरली तर फेसिंगशिवाय (मशीनवर सपाट करून घेतल्याशिवाय) बसवू नका.

उलट दरवाजाची मूठ, आरसा, वायपर, मडफ्लॅप, बंपर, काच, सायलेन्सर यांना लोकल किंवा जुना माल चालतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड फिरलात तर यातलं बरंचसं मिळतं. बेअरिंग, रबर, बेल्ट, ब्रेकचे भाग मात्र जुन्या गाडीवरून काढलेले घेऊ नका.

इरिडियम प्लग, रुंद टायर, गॅस शॉकअप ही तिसरीच जात. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) रबरी बुश झिजलेले असताना भारी शॉकअप घातले तर खडखड तशीच राहते, फक्त बिल वाढतं.

"ओरिजिनल" खोक्याच्या आत काय

महाग खोक्यात नकली माल येतो, आणि खऱ्या खोक्यात कधी शिळा. पाकिटावर कमाल विक्री किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादनाचा (जुन्या पाकिटावर पॅकिंगचा) महिना-वर्ष असायलाच हवं. गाडीचं उत्पादन थांबून वर्षं झाली आहेत, त्यामुळे एखाद्या शेल्फवर होज, सील, बेल्ट फार काळ पडून असू शकतात. होज दुमडून बघा: बारीक भेगा पडल्या तर नाव कितीही मोठं असो, परत करा. अशा वेळी चांगल्या सुट्या भागांच्या कंपनीचा ताजा होज त्या जुन्या "ओरिजिनल"पेक्षा बरा.

आणखी एक बघायचं ते म्हणजे गाडी तुमच्याकडे किती दिवस राहणार. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. ती तारीख सहा महिन्यांवर असेल आणि पत्रा गंजलेला असेल, तर नवा रेडिएटर घेण्याऐवजी जुन्यात सळई फिरवून भागवा. नुकतंच पासिंग झालं असेल तर उलटा विचार करा.

काम झाल्यावर जुना पार्ट मागून घ्या आणि नव्यावर पेंट मार्करने तारीख व किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी "हा कधी घातला होता" यावर वाद होत नाही. ५०० किलोमीटरनंतर बेल्टचा ताण पुन्हा तपासा. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैल होतोच.